कोपऱ्यावरची रांगोळी

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची कचराकुंडी पालिकेने उचलून नेली आणि कचरा कमी करण्याचं सरकारी उद्दिष्ट आमच्या प्रभागापुरतं पूर्ण झालं. कुंडीच नाही म्हटल्यावर कचरा कुठला! आता त्या जागी रोज सकाळी सफाईवाल्या बाई सडा घालून रांगोळी काढतात आणि मुकादम तिचा फोटो साहेबांना पाठवतो. साहेबांना तेवढं पुरतं.

आज दूध घेऊन येताना पाहिलं, तर शेजारचे काका कचऱ्याची गळकी पिशवी घेऊन तिथे उभे.

"काका, दोन मिनिटं. फोटो होऊ द्या," मुकादम म्हणाला.

"होऊ द्या की. सरकारी काम आहे!" असं म्हणून काका अदबीने बाजूला झाले.

साहेबांनी फोटो मागावा आणि आम्ही तेवढ्यापुरतं चौकटीबाहेर उभं राहावं, असा हा दोघांच्या सोयीचा संसार. त्याला स्वच्छता म्हणायचं आणि वर बक्षीसही घ्यायचं.

फोटो झाला. काका पुढे सरकले. रांगोळीला पाय लागू नये म्हणून त्यांनी चपला काढल्या, काठावरून जपून वाकले आणि पिशवी बरोबर मधल्या कमळावर ठेवली.