कर्वेनगरच्या रस्त्यावर ऐकलेलं 'थम!'

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना माझा चहा कधी गार झालेला नाही. कुणी असलं काही सांगू लागलं की पहिलं खुसपट मीच काढते. पण मागच्या आठवड्यात कर्वेनगरात जे झालं... आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतोय!

माझा दादा फौजेत होता. पोस्टिंग पुण्यातच, नव्या जवानांना ड्रिल शिकवायचा. पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि बघता बघता गेला. "सीमेवर असता तर गोष्ट वेगळी होती," असं भेटायला आलेली माणसं वहिनीच्या तोंडावर बोलून गेली. याला म्हणतात पुणेरी सांत्वन! आयसीयूत तो शुद्धीवरच नव्हता, त्यामुळे वहिनीला त्याच्याशी शेवटचं बोलताही आलं नाही. त्यानंतर ती रडलीच नाही... आम्हाला तीच काळजी होती.

तर, भर संध्याकाळी मी, वहिनी आणि दादाची चार वर्षांची मनू भाजी घेत होतो. पर्स उघडायला वहिनीनं मनूचा हात सोडला, पलीकडे फुगेवाला दिसला आणि पोरगी सुसाट रस्त्यावर! उजवीकडून बस.

आणि तेवढ्यात — "थम!"

काय आवाज होता तो! दादाचा, शंभर टक्के दादाचा, मैदानभर घुमणारा! मनू जागच्या जागी ताठ, टाचा जुळवून. बाप-लेक घरी हाच खेळ खेळायचे. ड्रिलमधलं 'थम' म्हटलं की जागीच थांबायचं, 'विश्राम' म्हणेपर्यंत हलायचं नाही. बस तिच्या इतक्या जवळून गेली की फ्रॉक उडाला.

मी धावत जाऊन तिला उचलून आणलं, तरी ताठच. "मनू, विश्राम! विश्राम!" मी ओरडतेय, ती ढिम्म.

"कोण ओरडलं हो एवढ्यानं?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं. "माझ्या हातातलं वजन पडलं की!" म्हणजे भास एकटीचा नव्हता!

मग एकदम मनू सैल पडली आणि खुदकन हसली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. वहिनी मात्र माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाली, "अहो, थांबा ना जरा..."

मी वळून पाहिलं. कुणीही नव्हतं.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, लागेल असं वाटतही नाही. घरी आल्यावर न राहवून विचारलं, "वहिनी, काय म्हणाला दादा?"

"नवरा-बायकोतलं तुला कशाला सांगू?" ती म्हणाली... आणि मग माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.