दहावं अक्षर

माझा नवरा जुन्या इलेक्ट्रिक गाड्या तपासून दाखला देतो. गाडीवर मॉडेलचं वर्ष लिहिलेल्या पाटीकडे तो ढुंकूनही बघत नाही. काचेखालच्या सतरा अक्षरी नंबरातलं दहावं अक्षर वाचतो आणि मॉडेल कुठल्या वर्षाचं ते सांगतो.

काल माझा भाऊ विकायची गाडी घेऊन घरी आला. "दाजी, यंदाचं मॉडेल आहे. सही ठोका."

नवऱ्यानं काचेवर टॉर्च मारला. "चार वर्षं जुनं आहे. नवी पाटी चिकटवून कुणाला शेंडी लावतोस?"

भाऊ भडकला. "तुमची गाडी मीच दिली ना? तेव्हा नाही तपासलंत!"

"घरचा माणूस म्हणून नाही तपासली," म्हणत नवरा टॉर्च घेऊन तडक आमच्या गाडीकडे वळला.

मी भावाकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.