बारा पंचवीसची पंगत

गौरीच्या जेवणाला घरातल्या सगळ्यांना वेळेवर आणि एकदम पानावर बसवील असा माणूस देवाने अजून घडवलेला नाही. माझ्या थोरल्या दिरांना हे कधीच मान्य नव्हतं. तो माणूस आपणच, अशा ठाम समजुतीने त्यांनी अठरा वर्षं आम्हा तिघी जावांच्या डोक्यावर मिरे वाटले, आणि अठराही वर्षं आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये शेवटचं पान उचलायला चार वाजले.

भाऊजी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात होते. कुठलं मशीन किती वाजता मोकळं होणार आणि त्यावर पुढचा माल कधी चढणार, हे ठरवण्यात त्यांचा दिवस जाई. तिथे ते काम चोख करत असावेत, कारण मशीनांना आत्या नसते. घरी मात्र श्रावण निम्मा सरला की ते आलेखाचा मोठा कागद जमिनीवर पसरून त्याच्यावर पालथे पडत. उभ्या बाजूला पदार्थ, आडव्या बाजूला वेळ. पुरणाला पिवळी पेन्सिल, कटाच्या आमटीला तांबडी, सोळा भाज्यांना हिरवी. गॅसच्या एका बर्नरचं नाव ‘डावा’, दुसऱ्याचं ‘उजवा’, आणि वातीच्या स्टोव्हला ‘राखीव’. एका रविवारी ते पोळपाटाशेजारी घड्याळ घेऊन बसले आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या वहिनींना, त्यांनी पुरणपोळ्या करायला लावल्या. एका पोळीला शंभर सेकंद लागतात, म्हणजे साठ पोळ्यांना शंभर मिनिटं, हा शोध त्यांनी जाहीर केला तेव्हा मी विचारलं, “आणि भाऊजी, मध्येच हात भाजला तर?”

“त्याची पाच मिनिटं धरलीयेत,” ते म्हणाले, आणि खरंच कागदावर एक छोटा चौकोन दाखवला. त्यात ‘भाजणे (हात)’ असं लिहिलेलं होतं.

हा तक्ता आदल्या रात्री कणकेच्या खळीने ओट्यावरच्या भिंतीला चिकटवला जाई. त्याचा शेवटचा रकाना लाल चौकटीत असे : ‘१२.२५ – पंगत. सर्व. एकदम.’ हॉलमधला पलंग गॅलरीत उभा करून, दिवाण स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सरकवून, बावीस पाट कसे मावतील याचाही एक वेगळा नकाशा होता. पाहुण्यांना पोस्टकार्डं जात. ‘आपण ११.५० ला यावे. आधी येऊ नये.’ हे वाचून ठाण्याच्या मामांनी एक वर्ष अबोला धरला. खडवलीच्या आत्यांनी मात्र कार्ड देवाजवळ ठेवलं आणि साडेनवालाच हजर झाल्या, सोबत यजमान आणि पिशवीभर अळू. “गाडी होती रे, म्हणून निघालो. चहा टाक गं कुणीतरी.”

आणि तिथेच त्या वर्षीचं सगळं फिसकटलं. तक्त्यात सोळा भाज्या होत्या, दोन कोशिंबिरी होत्या, हात भाजणं होतं; चहा नव्हता. डावा बर्नर वीस मिनिटं चहाने अडवला, पुरणाची डाळ राखीव स्टोव्हवर गेली आणि तिथे ती शिजेचना. भाऊजी दारात उभे राहून घड्याळाकडे आणि आत्यांच्या कपाकडे आळीपाळीने बघत होते. आत्या बशीत चहा ओतून, फुंकर घालून घालून, चवीने पीत होत्या. शेवटी एक वाजून गेल्यावर त्याच म्हणाल्या, “पोरं भुकेजलीत. पुरुषमाणसांना बसवून घ्या गं, आपण मागाहून बसू.” लाल चौकट तशीच भिंतीवर राहिली.

पुढच्या वर्षी तक्त्यात चहा आला, तर आरतीने घात केला. आरतीला बारा मिनिटं धरली होती. पण आमच्या ह्यांचा गळा एकदा तापला की दशावतारापर्यंत उतरत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ठाकुर्लीहून यायची सवाष्ण अडकली. मग एकदा ऐन पोळ्यांच्या वेळी सिलिंडर संपला. एक वर्ष सगळं सुरळीत चाललं होतं, तर भाऊजीच इतके हरखले की त्यांनी आनंदाच्या भरात तांदूळ दोनदा धुवायला लावले आणि भात मागे पडला. काहीही झालं तरी आत्यांचं ते एक वाक्य ठरलेलं, आणि मागाहून बसणाऱ्या आम्हीही ठरलेल्या.  हा माणूस एकदाचा हार का मानत नाही, असं मी भाद्रपद जवळ आला की रागारागाने म्हणायची.

त्याचं कारण वहिनींनीच मला सांगितलं, एकदा दुपारी भांडी पुसताना. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या गौरी. कुणा पाहुण्यांना स्टेशनवर सोडून भाऊजी चार वाजता परत आले, तेव्हा ह्या नव्या नवरीने ओट्याशी उभ्या उभ्या गार पोळी तोंडात घातलेली होती. आमटीचं पातेलं रिकामं होतं. “अजून जेवली नाहीस?” त्यांनी विचारलं. “झालंच,” ह्या म्हणाल्या. पुढच्याच श्रावणात आलेखाचा पहिला कागद घरात आला.

हे कळल्यावर मला त्या तक्त्यावर पूर्वीसारखं हसता येईना, आणि त्याचा राग तर जास्तच यायला लागला. कारण इतकी माया असून उपयोग काय! अठराव्या वर्षी चार वाजता आम्ही तिघी गार जेवून उठलो, तर हे भिंतीपाशी उभे, कानावर पेन्सिल. “पंगत दीडला बसली. पासष्ट मिनिटं गेली कुठे? घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही.” माझा हात त्या दिवशी खरोखरच भाजला होता. मी म्हणाले, “भाऊजी, समजा सगळं मिनिटावर झालं. बारा पंचवीसला बावीस माणसं एकदम बसली. वाढणार कोण?”

“कोण म्हणजे? तुम्ही तिघी–”

 मग त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. वरून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे. त्या कागदावर पाणी तापायला ठेवण्यापासून विड्यांपर्यंत सगळं होतं, पण वाढणं हे काम आहे, ते कुणीतरी उभं राहून करतं, आणि ते स्वतःही करू शकतात, हे अठरा वर्षांत कुठल्याच पेन्सिलीने लिहिलं नव्हतं. ते चप्पल घालून बाहेर गेले.

पुढच्या गौरींना भिंत कोरी होती. नैवेद्य दाखवायला एक वाजला, आणि कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. वहिनींनी तव्यावरची शेवटची पोळी उतरवली, तशी भाऊजींनी गॅस बंद केला आणि त्यांच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. “बस पानावर. तुम्ही सगळ्याजणी बसा. आज वाढणारे आम्ही.”

“अरे, असं कुठे असतं का? बायका आधी?” आत्या म्हणाल्या.

“आत्या, गौर बाईच आहे ना? तिला आपण आधीच जेवू घालतो की.”

आत्यांनी एकदा गौरीकडे पाहिलं आणि पाट ओढून त्या बसल्या. त्यांचे यजमान भुकेने कासावीस होऊन गॅलरीत गेले. मग जे काही वाढणं झालं, ते गौरीनेच पोटात घालावं. आमच्या ह्यांनी कोशिंबीर उजवीकडे वाढली आणि भाजी डावीकडे. धाकट्या दिरांनी मिठाच्या जागी साखर वाढली. भाऊजींनी वरण विसरून भातावर थेट कटाची आमटी ओतली. वहिनी दर मिनिटाला उठू पाहत होत्या आणि आम्ही दोघी दोन्हीकडून त्यांचा पदर धरून बसलो होतो.

भाऊजींनी ती शेवटची पोळी त्यांच्या पानात वाढली. अजून वाफ येत होती. वहिनींनी तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “माझी पोळी गरम असताना अशी लागते होय.”

भाऊजी समोरच उभे होते. ते लगबगीने आत गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी उष्ट्या हाताने उठून पाहायला गेले, तर ते ओट्याशी पाठमोरे उभे. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी बाहीने डोळे पुसले.

“अठरा वर्षं मी मिनिटं मोजत बसलो गं,” ते म्हणाले, “आणि ती आपली उभीच.”

त्या माणसावर मी आयुष्यभर चिडले, पण त्या क्षणी त्यांच्याइतकं कुणीच मला आपलं वाटलं नाही.  मी तुपाचं भांडं डाव्या हाताने त्यांच्याकडे सरकवलं. “चला भाऊजी,” म्हटलं, “वहिनींच्या पोळीवर तूप वाढायचं राहिलंय.”