माझ्या चेहऱ्याचा टेस्ट प्रिंट

आमची फोटो लॅब पाण्यावर चालायची. केमिकलमधून काढलेले फोटो वाहत्या पाण्यात धुवावे लागत, आणि त्या दुष्काळी वर्षांत शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. टँकरवाला आधी दवाखान्यांना पाणी द्यायचा, मग घरांना, आणि उरलं तर आम्हाला. लोक हंडे घेऊन रांगेत उभे आणि आम्ही त्याच पाण्यात लग्नाचे अल्बम धुतोय, याची मला शेजाऱ्यांसमोर लाज वाटायची. शेवटी नवऱ्यानं ठरवलं की हे धुणं बंद करायचं आणि शाईचा मोठा प्रिंटर घ्यायचा. शहर वाढतच होतं. शेंद्र्याच्या कारखान्यांना भिंतभर फोटो हवे होते, नव्या हॉटेलांना वेरूळची लेणी हवी होती, आणि नवरा-नवरी आता कार्यालयाच्या दारात माणसाच्या उंचीचे लागत.

नवरा डार्करूममध्ये वाढलेला माणूस. ओल्या प्रिंटकडं बघून तो म्हणायचा, पिवळा जरासा जास्त झालाय, आणि तो तेवढाच जास्त झालेला असायचा. सिल्लोडकडचे फोटोग्राफर आमच्याकडं मशीनसाठी नव्हे, त्याच्या नजरेसाठी यायचे. त्याला त्या नजरेचा गर्व होता आणि मलाही.

कॉम्प्युटरचं खातं मात्र माझं. मोठ्या प्रिंटरची गोम अशी की स्क्रीनवर दिसतं ते कागदावर उतरेलच असं नाही, कारण प्रत्येक कागद शाई वेगळी पितो. त्यासाठी रंग मोजायचं यंत्र आणि छपाईचं सॉफ्टवेअर लागतं. आमच्यापुढं दोन संच होते. पहिल्यात छापलेल्या रंगांच्या चौकोनांवरून यंत्र फिरवायचं, मग ते त्या कागदाचा स्वभाव ओळखून सॉफ्टवेअरला सांगायचं. दुसऱ्यात यंत्र फक्त स्क्रीन मोजायचं. छपाईचे रंग सॉफ्टवेअर आपल्या ठरलेल्या अंदाजानं लावणार आणि चेहरे आपोआप खुलवणार. मी पहिल्याच्या बाजूनं होते. त्यावरून नवऱ्याचं डोकं मी महिनोन्‌महिने खाल्लं होतं.

एक दिवस पुण्याहून विक्रेता प्रिंटर आणि दोन्ही संच घेऊन आला. म्हणाला, इथंच हजर असलेल्या माणसाचा फोटो काढू, दोन्हींवर छापू आणि माणूस शेजारी उभा करून ताडून बघू. कल्पना उत्तम होती. नवऱ्यानं कॅमेरा उचलला आणि मला हाक मारली, “इकडं ये जरा.”

इथं सांगायला हवं की मी काळी आहे. सावळी, गव्हाळ हे स्थळं सांगणाऱ्यांचे शब्द झाले. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या सावलीत बसून गोरे राहिलेले, त्यात मी कुठून उपजले कोण जाणे. मला बघून गेल्यावर सासरच्यांनी कळवलं होतं, मुलगी नाकीडोळी नीटस आहे. या वाक्याचा पहिला अर्धा भाग कोणी बोलत नाही, तो सगळ्यांना पाठ असतो. लॅबमध्ये मी रोज एखादी तरी नवरी उजळ करून द्यायचे. कुणी सांगावंही लागायचं नाही, चेहरा समोर आला की हात आपोआप तिकडंच जायचा.

दोन्ही प्रिंट निघाले. त्यांनी मला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि पहिल्या संचाचा प्रिंट माझ्या गालाशेजारी धरला. काउंटरपाशी दोन फोटोग्राफर आपल्या कामासाठी थांबले होते, तेही जवळ आले. सगळे एकदा कागदाकडं बघत आणि एकदा माझ्याकडं. बाजारात वांगं निवडतात तसं. एक फोटोग्राफर संकोचून म्हणाला, वहिनी जरा डार्क आल्यात. माझे कान तापले.

नवरा खुशीत हसला. “डार्क नाय, बरोबर आलीय. अशीच दिसते ही.”

त्याच्या बोलण्यात कसलाच कमीपणा नव्हता. त्याला मी तशीच दिसत होते, तशीच आवडत होते, आणि यंत्रानं ते हुबेहूब पकडलं म्हणून तो हरखला होता. हे मला तेव्हाही कळलं. पण चार परक्या माणसांसमोर माझा रंग पंचानं पुकारावा तसा पुकारला गेला होता. माझा मलाच इतका राग आला की मी दुसऱ्या प्रिंटकडं बोट दाखवलं. त्यात मी गुलाबी होते, कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी.

“तो बरोबर आहे,” मी म्हटलं. “या पहिल्यात हिरवट झाक येतेय.”

त्यानं प्रिंट उजेडात तिरपा केला, पुन्हा सरळ केला. त्याला झाक दिसेना, कारण ती नव्हतीच. मला दिसतेय म्हणून मी रेटलं. त्यानं प्रिंट खाली ठेवला. मग विक्रेत्याला म्हणाला, “हिला यातलं जास्त कळतं. दुसराच द्या.”

विक्रेताही चक्रावला, पण गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार. दुसरा संच बसला. माझा गुलाबी फोटो नमुना म्हणून काउंटरमागं लागला आणि नात्यातल्या बायका माझं कौतुक करून गेल्या. लेण्यांचा काळा दगड मात्र प्रिंटमध्ये मधूनच तांबूस यायला लागला. नवरा विचारायचा, तुला पण तांबूस दिसतोय का गं? मी म्हणायचे, फारसा नाही, बघते. आणि तो जेवायला गेला की रंग हातानं ओढून जागेवर आणायचे. हळूहळू तो कागद उजेडाला धरायचाच बंद झाला. फोटोग्राफर प्रिंट दाखवायला आले की म्हणायचा, हिला दाखवा, माझी नजर आता गेली.

हे तो गमतीनं म्हणतो असं मी धरून चालले होते. एक दिवस तो स्वतःच म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ. मी सोबत गेले. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. ठिपक्यांत दडलेले आकडे नवऱ्यानं एकामागून एक घडाघडा वाचले. रंगांची नजर एकदम पक्की आहे, डॉक्टर म्हणाले. कुणालाही आनंद झाला असता. हा खाली मान घालून म्हणाला, “मग माझ्याच बायकोचा फोटो मला ओळखू का आला नाही, डॉक्टर?”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. बोलायची वेळ तीच होती. मी पर्सची चेन उघडली आणि लावली. थकवा असेल म्हणून डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, सकाळ-संध्याकाळ घालायचे.

त्याला स्वतःला ते जमत नाहीत, म्हणून मी घालते. तो खुर्चीत मान मागं टाकून बसतो, डोळे ताणून उघडे धरतो आणि थेंब पडेपर्यंत अगदी जवळून माझ्या तोंडाकडं बघत राहतो.