पोचआबा आणि शुक्रवारचा शिक्का

आमच्या गल्लीत पोचआबांच्या घरी लग्नाची पत्रिका द्यायला गेलं की ते आधी चष्मा लावायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग टेबलाच्या खणातून तारखेचा रबरी शिक्का काढायचे आणि गणपतीच्या सोंडेला धक्का लागणार नाही अशा बेताने पत्रिकेच्या कोपऱ्यावर दाणकन हाणायचे. ‘प्राप्त’. खाली वेळ आणि सही. त्यानंतर एका चिठोऱ्यावर ‘पत्रिका मिळाली’ असं लिहून ती पोच आपल्या हातात ठेवायचे. चहा त्याच्यानंतर. नवा माणूस असेल तर तो हबकून चहा न घेताच उठायचा.

इंदापुरातल्या एका सरकारी कचेरीत आबांनी उभी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, रजिस्टरात नंबर टाकायचा, पुढे ढकलायचा. बाकीचे कारकून टेबलं बदलत साहेब झाले, आबा तिथेच राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीला जाऊन स्वतःच्या पैशाने एक शिक्का करून घेतला, कारण कचेरीतला सरकारचा होता. ते रोज सकाळी एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि अर्ज घेऊन येणाऱ्यांना, कुणी विचारो न विचारो, आपलं शास्त्र सांगायचे. “कागद तुमी लिवला तवा जल्मत न्हाय. टेबलावर आला, पुरा हाय का बगितला, शिक्का बसला, तवा त्याचा जल्म. त्याच्या आदी त्यो निस्ता विचार.”

घरातही हेच. आबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, मिक्सर मागितला तेव्हा आबा म्हणाले, लेखी दे. काकींनी संतापाने कॅलेंडरच्या पानामागे ‘मिक्सर पाहिजे’ एवढंच लिहून ते त्यांच्या ताटाशेजारी आदळलं. आबांनी त्याच्यावर शिक्का मारला. अकरा महिन्यांनी मिक्सर घेऊन आले आणि त्याच पानावर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा लिहून ते काकींना परत केलं. ते पान काकींनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. का ठेवलंय विचारलं तर म्हणायच्या, “त्यांच्या तेराव्याला वाचून दाखवायचंय.”

आम्ही पोरंसोरं होतो तेव्हापासून आबांची टिंगल करत आलो. मी स्वतः त्यांची नक्कल फार चांगली करायचो. त्या नकलेची लाज वाटायची वेळ माझ्या लग्नाने आणली.

मी साखर कारखान्यातला केमिस्ट. माळेगावकडे थोडी वर्षं काढून युगांडातल्या एका कारखान्यात गेलो आणि तिथल्या दवाखान्यातल्या नर्सशी, रूथशी, लग्न करून परत आलो. आईने पहिला महिना अबोला धरला. दुसऱ्या महिन्यात रूथ तिच्याकडून भाकरी थापायला आणि भांडायला शिकली, आणि दोघींचं जमलं. रूथचं मराठी म्हणजे आईचंच मराठी. बारामतीच्या मॉलमधली पोरगी तिच्याशी इंग्रजीत बोलली तर ती म्हणायची, “मला न्हाय कळत बाई, मराठीत सांग.”

तिला भारताचं नागरिकत्व घ्यायचं होतं. नियम आम्हाला पाठ होता. नवरा भारतीय, इथे सात वर्षं वास्तव्य, आणि अर्जाच्या तारखेच्या लगत आधीचं एक वर्ष देशाबाहेर पाऊल नाही. ते शेवटचं वर्ष संपत आलं आणि नेमकी तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी आठवड्यांची भाषा सुरू केली. रूथ अर्जाआधी गेली असती तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, जा, कागद गेला खड्ड्यात. पण म्हातारी फोनवर लेकीला बजावत होती, कागद देऊनच ये, मी थांबते.

सात वर्षं भरत होती ऐन पितृपंधरवड्यात. आई म्हणाली, “पितरपाटात नवं काम करायचं न्हाय. गणपती हायत तवर दिऊन टाका.” मलाही ते पटलं. आठ-दहा दिवसांनी काय बिघडतं? शिवाय अर्ज कॉम्प्युटरवर भरून झाला होता. झेरॉक्सला निघालो त्या सकाळीच मी बटण दाबलं होतं आणि माझ्या मते तारीख तीच. झेरॉक्स काढायला म्हणून दुकानात गेलो, तर खुर्चीतून हात पुढे आला.

आबांनी रूथचा पासपोर्ट घेतला. ती विमानातून उतरली त्या दिवसाचा शिक्का भिंगाखाली धरला, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, “दत्ता, केमिस्ट झालास तरी मोजता येत न्हाय व्हय तुला? सात वर्सं भराय नऊ दिस कमी हायत. आज दिलास तर परत यील. परत आला म्हंजी आजची तारीख ग्येली, नव्या अर्जाला नवी तारीख. आन तवर ही पोरगी हितंच बसंल.”

“पण कॉम्प्युटरवर तर भरलाय.”

“कॉम्प्युटर काय टेबल हाय व्हय? त्यांनी कागद हातात घिऊन पुरा म्हनला पायजे.”

संध्याकाळी ते आईकडे आले. आईने पितरांचा मुद्दा काढला, घटस्थापनेला देऊ म्हणाली. आबा शांतपणे म्हणाले, “वैनी, पितरं आपलीच हायत, ती सुनंचा अर्ज आडवत न्हाईत. पंधरा दिस थांबलीस तर तिची आई पितरांत जाऊन बसंल.” एवढं तोंडावर बोलणारा माणूस आईला आयुष्यात भेटला नव्हता. ती उठून चहा करायला गेली, म्हणजे कबूल झाली.

सात वर्षं गुरुवारी भरली. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने आम्ही तिघे पुण्याला निघालो. रूथचं विमान शनिवारी संध्याकाळी होतं. आबांनी कागदांवर पेन्सिलीने नंबर घातले होते. भिगवणच्या पुढे गेल्यावर ते आपणहून बोलायला लागले. मेंढरं राखणारा एक म्हातारा होता. जमिनीच्या अपिलाचा अर्ज घेऊन आला, मुदतीचा शेवटचा दिवस, असाच शुक्रवार. आबा चहाला निघाले होते. “म्या म्हनलं, ठिवून जा. सोमवारी शिक्का मारला. तारीख पडली सोमवारची. त्याची जमीन ग्येली दत्ता. मुदतीत आला हुता त्यो. दर बाजारच्या दिशी भेटायचा आन रामराम घालायचा. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.”

इतकी वर्षं मी ज्याची नक्कल करून टाळ्या घेतल्या ते काय होतं, ते मला तेव्हा कळलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

पुण्यातल्या कार्यालयात आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. टेबलावर एक तरुण बाई होत्या. त्यांनी गठ्ठा बघितला, समोरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, “ठेवून जा. सोमवारी तपासून शिक्का मारते.”

रूथने माझा दंड धरला. सोमवारची तारीख पडली तर शनिवारचं विमान म्हणजे वर्ष मोडलं. विमान सोडलं तर सोमवारपर्यंत तिची आई राहील याची खात्री कुणीच देत नव्हतं. मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबा पुढे झाले. उभ्या जन्मात कुणापुढे न वाकलेला तो माणूस टेबलापाशी हात जोडून उभा राहिला.

“ताई, मी बी ह्याच टेबलावर हुतो. मी बी असंच म्हनायचो. ह्या पोरीची आई तिकडं शेवटचं मोजतीया. तुमी आत्ता तपासा. एक कागद जरी कमी निगाला तर आमी गपगुमान परत जातो.”

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पान पान उलटायला लागल्या. पाऊण तास. एका झेरॉक्सवर रूथची सही राहिली होती, पेन्सिलीचे नंबर घालणाऱ्या आबांच्याच नजरेतून ती सुटली होती. त्यांनी बोलल्याप्रमाणे गठ्ठा परत घ्यायला हात पुढे केला. बाईंनी स्वतःचं पेन रूथच्या हातात दिलं आणि बोट ठेवून जागा दाखवली. मग शिक्का. शुक्रवार. पोचेवर सही करता करता त्या आबांना म्हणाल्या, “बसा ना तुम्ही, पाणी घ्या.” आबा बसले, पण पाण्याआधी त्यांनी चष्मा पुसून पोचेवरची तारीख वाचली.

रूथ शनिवारी गेली. आईबरोबर तिला चार दिवस मिळाले. म्हातारीने तिला ओळखलं, नाव घेतलं, हाताने भरवून घेतलं. पाचव्या दिवशी ती गेली.

महिन्याने रूथ परत आली ती कोरड्या डोळ्यांनी. घरात वावरायची, काम करायची, बोलायची नाही. आईला काय करावं सुचेना. चौथ्या दिवशी दुपारी आबा आणि काकी दारात उभे राहिले. काकींच्या हातात पिशवी होती. त्यात दुखवट्याची साडी. बाईची आई गेली की ही साडी तिच्या माहेरच्यांनी आणायची असते. आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं.

आबा ओशाळल्यासारखे आईला म्हणाले, “हिचं हितं कोन न्हाय. म्हनून आमी आलो.”

काकींनी साडी रूथच्या खांद्यावर टाकली. रूथ काकींच्या कुशीत शिरली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने रडली. आबा ओट्यावर जाऊन पाठमोरे बसले.

पुढच्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. रूथचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आलं ते त्याच्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर. मी ते घेऊन घरी आलो तेव्हा आई ओवाळायचं ताट करून वाट बघत बसली होती. रूथने कागद माझ्या हातातून घेतला आणि तशीच, चप्पल न घालता, तीन घरं ओलांडून काकींकडे गेली. तासभर आली नाही. आईचं निरांजन विझलं, पेढे झाकून ठेवावे लागले.

त्यावरून आई अजूनही अधूनमधून फुगते. पण बाई माणूस चांगली बातमी आधी माहेरी सांगतं, हे तिचं तिलाही कळतं.