शेणाचा पेंद्या

पाडव्याला सगुणाकाकी मोडायला बसली की आम्ही पोरी अंगणातून पळून जायचो. दिवाळीत रोज पहाटे ताज्या शेणाच्या गवळणी, गाई, जात्यावर बसलेली बाई असं अख्खं गोकुळ ती अंगणात मांडायची, प्रत्येकीच्या डोक्यात कारळ्याचं पिवळं फूल खोवायची. आणि पाडव्याला ते सारं कालवून गोवऱ्या थापायची. मी एकदा रडले, तर म्हणाली, "रडतीस काय गं? ज्यानं केलं त्यानंच मोडायचं. दुसऱ्याचा हात लागला, की मग रड."

काकी पलूसजवळच्या आमच्या गावात शेजारीच राहायची. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक रामू. गोकुळाच्या दाराशी काठी टेकून उभा असलेला शेणाचा पेंद्या म्हणजे तिच्या लेखी रामू. "वाकडा हाय, पर माजा हाय," म्हणून ती स्वतःच हसायची.

रामू पलटणीत गेला आणि सिंगापूर पडल्यावर त्याची खबरच थांबली. त्या पाडव्याला काकीनं सगळं मोडलं, पेंद्या तेवढा ठेवला. त्यावर दुरडी पालथी घातली. "त्यो आला की त्येच्याम्होरं मोडीन."

घरातले कर्ते म्हणजे तिचे दीर, तात्या. त्यांना पुतण्याचे दिवस घालून मोकळं व्हायचं होतं. "वैनी, मेलेल्याचं शेण किती दिस राखायचं?" ते चारचौघांत विचारायचे.

"तुमास्नी वास येतोय व्हय, भावजी?"

पुढच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटे तात्यांनी तो वाळलेला पेंद्या पाण्याच्या चुलीत सारला. काकीनं अंगावर दोन तांबे घेतले, तेव्हा तिला चुलीपाशी उताणी पडलेली दुरडी दिसली. उरलेलं ऊन पाणी तिनं हळूच मोरीत ओतून दिलं. तिच्या अंगणात पुन्हा गवळणी बसल्या नाहीत. तात्यांनी रामूचे दिवस घातले. उन्हाळ्यात काकी तापानं गेली.

युद्ध संपलं आणि रामू आला, जपान्यांच्या कैदेतून, नुसती हाडं राहिलेला. वेशीवर हार घालायला तात्याच पुढे होते. गल्लीनं त्याला सगळं सांगितलं. मी तेव्हा साताऱ्याच्या शाळेतून सुटीला आले होते. दिवाळीच्या पहाटे तो गोठ्यातलं शेण घेऊन अंगणात बसला. हे बायकांचं काम. पण कुणी हसलं नाही. त्यानं एकच बाई केली, ओबडधोबड, डोक्यात कारळ्याचं फूल.

पाडव्याला तात्या फावडं घेऊन आले. "झालं न्हवं आता? उचलतो."

"हात लावू नगा, तात्या. ज्यानं केलं त्यानंच मोडायचं."

"मग मोड की."

रामूनं ट्रंक उचलली. दुपारच्या मोटारीनं गेला, तो परत गावात आला नाही. ती बाई उन्हात वाळली, भेगाळली, डोक्यातलं फूल गळून गेलं. तात्या रोज तिला वळसा घालून गोठ्यात जात.