चुलवाणावरचा कर

पोलीस सेवेत शेकडो फिर्यादी नोंदवल्या, पण कागल भागातल्या गुऱ्हाळाची ती फिर्याद माझ्या मनातून अजून जात नाही.

गुळाचा हंगाम ऐन भरात होता. पतीमागे गुऱ्हाळ चालवणाऱ्या एक बाई ठाण्यात आल्या. हातात शिक्का मारलेली नोटीस होती. ‘राष्ट्रीय कार्बन कर’ आठ दिवसांत भरा, नाहीतर गुऱ्हाळ सील करू, असा मजकूर होता. शेजारच्या दोघांनी पैसे भरलेही होते.

मी वरवर वाचलं आणि बाईंचं बोलणं मध्येच तोडून म्हणालो, “सरकारी कागद दिसतोय. कर कार्यालयात जा.”

दोन दिवसांनी बाई पुन्हा हजर.

“असला करच न्हाय म्हणं तिथं. आन साहेब, आमी कोळसा जाळतच न्हाय. रस उकळायच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालतो. मग कर कशाचा?”

या वेळी मी नोटीस ओळ न ओळ वाचली. शाहूपुरीत अर्थशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. संध्याकाळी बाईंचा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे गेलो.

ते म्हणाले, “काही देशांत हा कर आहे. तो जमिनीतून काढलेल्या इंधनावर असतो. कोळसा, डिझेल, गॅस. जाळल्यावर हवेत किती कार्बन जाईल, त्यावरून दर ठरतो. सरकार तो शक्यतो खाणीवर, बंदरावर किंवा तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यातच घेतं. पुढं तो किमतीत मिसळतो. जास्त जाळेल त्याला जास्त पडतो, म्हणून माणूस कमी जाळायला बघतो. काही सरकारं त्यातला भाग लोकांना परतही देतात. पण आपल्याकडे या नावाचा कर नाही.”

“आणि चिपाडं?”

“ती शेतातली. खाणीतली नव्हेत.”

दुसऱ्याच दिवशी सापळा लावला. बाईंनी नोटिशीवरच्या नंबरवर फोन करून पैसे न्यायला बोलावलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस आला. पंचांसमक्ष त्याला ताब्यात घेतलं. बॅगेत कोऱ्या नोटिसा आणि तीन शिक्के सापडले.

चौकशीत तो ठाम होता. “मी अधिकृत प्रतिनिधी आहे. दिल्लीला विचारा.”

मी आवाज चढवला नाही. “कर कशावर घेता?”

“धुरावर.”

“मोजता कशानं?”

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं.

“यांच्या चुलवाणात काय जळतं?”

“कोळसा.”

दारात उभ्या असलेल्या बाई कडाडल्या, “कवा बघितलास रं कोळसा? चुलवाणाजवळ तरी आलतास का?”

त्यानं पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर शिक्के करून देणाऱ्याचं नाव सांगितलं. त्यालाही त्याच दिवशी अटक झाली. पुढे न्यायालयात बाईंनी न डगमगता साक्ष दिली आणि दोघांनाही शिक्षा झाली.

तरी एक गोष्ट सलते. मी बाईंना परत पाठवलं, त्या दोन दिवसांत आणखी एका गुऱ्हाळवाल्यानं घाबरून पैसे भरले. ते त्याला कधीच परत मिळाले नाहीत. त्या माणसाचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत, समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय मी कुणालाही दुसऱ्या कचेरीचा रस्ता दाखवला नाही.